‘यूए १६+’ म्हणजे नेमकं कुणासाठी? ‘छावा’, आठ वर्षांचं मूल आणि आई-वडिलांची नजर

सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवर सिनेमाच्या नावाजवळ एक छोटासा शिक्का असतो, आणि आपण तो वाचत नाही. ‘छावा’वर तो ‘यूए १६+’ असा होता. १४ फेब्रुवारी २०२५ ला सिनेमा आला तेव्हा आमच्या सोलापुरात पहिले काही दिवस तिकीट मिळणं मुश्किल होतं, आणि रांगेत आई-वडिलांचं बोट धरून उभी असलेली पहिली-दुसरीतली पोरं भरपूर होती. एप्रिलपासून तो नेटफ्लिक्सवर आहे, म्हणजे आता तर रांगही नाही. आजोबा दुपारी लावून बसले की नातू शेजारी येऊन बसतो, एवढंच.

माझ्या मावसबहिणीने मला हाच प्रश्न विचारला होता. मुलगा तिसरीत. “शाळेत सगळ्यांनी बघितलाय म्हणतोय. नेऊ का? तू सायन्सवाली, तूच सांग.” मी सायन्सवाली आहे ती माशांची. उजनीतल्या चिलापीच्या अंगात ताण आला की कॉर्टिसॉल किती वाढतं आणि किती वेळाने उतरतं, यावर माझं पीएच.डी.चं काम चाललंय. मुलांच्या मानसशास्त्राचं नाही. पण ताण हा विषय एकदा धरला की शेजारच्या शाखांतले पेपर आपोआप हातात येतात, आणि सिनेमातली हिंसा व मुलं या विषयावर चाळीस-पन्नास वर्षांचं बऱ्यापैकी चांगलं संशोधन आहे. त्यातलं जे तिला सांगितलं तेच जरा सविस्तर तुम्हाला सांगते.

आधी शिक्क्याचं. पूर्वी आपल्याकडे यू, यूए आणि ए एवढंच होतं (डॉक्टर वगैरे व्यावसायिकांसाठीचा ‘एस’ सोडला तर). २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि यूएचे तीन तुकडे पडले : ७+, १३+ आणि १६+. त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले. आता गंमत बघा. ‘ए’ असेल तर अठराखालच्या मुलाला थिएटरवाल्याने आत सोडायचंच नाही, तो नियम आहे. यूएचं तसं नाही. तो आकडा आई-वडिलांना मार्गदर्शन म्हणून आहे. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही १६+ ला गेलात तर दारावरचा माणूस तुम्हाला अडवणार नाही, आणि त्याने अडवावं अशी कायद्याची अपेक्षाही नाही. म्हणजे सरकारने एक वय सांगितलं आणि निर्णय तुमच्या पदरात टाकला. त्यामागचं गृहीतक असं की आपल्या मुलाला काय झेपेल हे आई-वडिलांना सगळ्यात चांगलं कळतं.

हे गृहीतक कितपत खरं आहे? माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

२०१४ साली ‘पीडियाट्रिक्स’ या जर्नलमध्ये डॅनियल रोमर आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलं काम. त्यांनी ६ ते १७ वर्षांची मुलं असलेले १००० अमेरिकन पालक घेतले आणि त्यांना लोकप्रिय सिनेमांतले हिंसेचे आणि लैंगिक दृश्यांचे छोटे छोटे तुकडे एकापाठोपाठ एक दाखवले. प्रत्येक वेळी प्रश्न एकच : हा सिनेमा किती वर्षांच्या मुलाला दाखवायला हरकत नाही? हिंसेच्या पहिल्या तुकड्यानंतर सरासरी उत्तर आलं १६.९ वर्षं. शेवटच्या तुकड्यापर्यंत ते १३.९ वर आलं. तीन वर्षं गेली, तीही एका बैठकीत, काही मिनिटांत. तुम्ही म्हणाल शेवटचे तुकडे सौम्य असतील. तर नाही, तुकड्यांचा क्रम प्रत्येकासाठी बदललेला होता. बदलली होती ती बघणाऱ्याची नजर. आणि ज्या पालकांनी मुळातच असे सिनेमे जास्त बघितले होते, ते आणखी सैल होते.

हे वाचल्यावर मला आमच्या टाकीतले मासे आठवले. पहिल्यांदा जाळी पाण्यात घातली की सगळे कोपऱ्यात घुसतात. रोज घालत राहिलं, कुणाला पकडलं नाही, की पाचव्या-सहाव्या दिवशी ढिम्म. त्यात माशाचं काही चुकत नाही. सरावणं हा मज्जासंस्थेचा गुणच आहे, नाहीतर जगणं अवघड होईल. पण सरावलेल्या माशाकडे बघून “जाळी निरुपद्रवी आहे” असा निष्कर्ष कालच टाकीत आलेल्या पिल्लासाठी काढता येत नाही.

आता ‘छावा’ बघणारी आई किंवा वडील डोळ्यांसमोर आणा. पावणेतीन तासांचा सिनेमा. लढाया सुरुवातीपासून आहेत, आणि छळाचा भाग शेवटी येतो. तोवर तुमच्या आतला आकडा खाली घसरलेला असतो. शिवाय तुमच्याकडे आणखी तीन चिलखतं आहेत. गोष्ट तुम्हाला आधीपासून माहीत आहे. शिवाजी सावंतांची कादंबरी वाचलेली असेल, ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिका घरी रोज लागत असेल, निदान १६८९ साली काय झालं हे तरी माहीत असतं. दुसरं, पडद्यावर विकी कौशल आहे हे तुम्ही विसरत नाही. आणि तिसरं, तुम्ही हे एका मोठ्या कारणासाठी बघताय. रोमर यांच्याच गटाने पुढे बंदुकीच्या हिंसेवर काम केलं, त्यात दिसलं की हिंसेमागचं कारण न्याय्य वाटलं तर पालक लहान वयालाही चालेल म्हणतात. आपल्या सिनेमात शेवटची हिंसा खलनायकाची आहे हे खरं, पण ती बघण्यामागचं कारण आपल्याला न्याय्यच्या पलीकडे, जवळजवळ पवित्र वाटतं. राजांनी सोसलं, आपण निदान बघू तरी. मुलालाही कळू दे.

शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाकडे यातलं एकही चिलखत नसतं.

मुलं काय बघतात यावर सगळ्यात जास्त काम जोअ‍ॅन कँटर यांनी केलं, विस्कॉन्सिनमध्ये. त्यांच्या कामाचं सार असं की वयाप्रमाणे भीतीची जात बदलते, ती नुसती कमी-जास्त होत नाही. साधारण सात वर्षांपर्यंतची मुलं दिसण्याला घाबरतात. चेहरा बदलणं, रक्त, अक्राळविक्राळ आवाज. ‘द इनक्रेडिबल हल्क’ ही मालिका लागायची तेव्हा अगदी लहान मुलं घाबरायची ती साध्या माणसाचा हिरवा हल्क होताना, आणि तो हल्क तर चांगल्यांच्या बाजूचा! मोठ्या मुलांना तो भाग भीतीदायक वाटत नसे. उलट उदाहरणही आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर ‘द डे आफ्टर’ हा अणुयुद्धावरचा सिनेमा दाखवला. कँटर यांच्या गटाने लगेच घरोघर फोन करून विचारलं. बारा वर्षांखालची मुलं सगळ्यात कमी अस्वस्थ, त्यांच्यापेक्षा जास्त किशोरवयीन, आणि सगळ्यात जास्त त्यांचे आई-वडील. कारण त्यातली भीती कल्पनेतली होती, दिसणारी कमी.

म्हणजे मोठ्यांची भीती आणि लहानांची भीती एकाच मोजपट्टीवर बसत नाहीत. अक्षय खन्नाचा थकलेला, हळू बोलणारा औरंगजेब बघून तुमच्या अंगावर काटा येतो. सहा वर्षांच्या मुलाला तो एक म्हातारा आजोबा वाटू शकतो. पण डोळ्यांजवळ येणारी तापलेली सळई त्याला थेट भिडते. तिथे कळायला काही वयच लागत नाही.

आठ-नऊपासून मात्र एक नवं हत्यार हाताशी येतं : “हे खोटं आहे” असं स्वतःला सांगणं. कँटर आणि बार्बरा विल्सन यांनी १९८४ साली ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधला चेटकिणीचा प्रसंग मुलांना दाखवून हे तपासलं. काही मुलांना आधी सांगितलं, लक्षात ठेवा, ही गोष्ट आहे, खरी नाही. ९ ते ११ वर्षांच्या मुलांची भीती त्याने कमी झाली. बालवाडीतल्या मुलांवर त्या वाक्याचा काही उपयोग झाला नाही. त्यांना आईची मांडी, पाण्याचा घोट, दुसरीकडे लक्ष वळवणं हेच कामी येतं. गड्ड्याच्या जत्रेत भूतबंगल्यातून बाहेर आलेलं पोर बघा. चौथीतलं असेल तर “आतला माणूसच होता बे तो, बूट दिसले मला” असं म्हणत मित्रांत भाव खातं. चार वर्षांचं असेल तर वडिलांच्या मानेत तोंड खुपसून बसतं, आणि त्याला कितीही बूट दाखवा.

आता मला या सगळ्या संशोधनाच्या पुढचा जो मुद्दा वाटतो तो सांगते, कारण पाश्चात्त्य अभ्यास बहुतेक काल्पनिक सिनेमांवर झालेत. ऐतिहासिक सिनेमात आपण मुलाच्या हातातलं ते नवंकोरं हत्यार स्वतः काढून घेतो. तो म्हणायला जातो, “आई, हे खोटं आहे ना?” आणि आपण ताठ होऊन म्हणतो, “नाही बाळा, हे खरंच घडलं.” आपल्या दृष्टीने तो इतिहासाचा आदर. त्याच्या दृष्टीने शेवटचं दार बंद. शिवाय खरं काय आणि दिग्दर्शकाने रचलेलं काय, हा फरक त्याला कोण सांगणार? संभाजीराजांना १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरला पकडलं, बहादूरगडाला नेलं, हाल केले आणि ११ मार्चला भीमेकाठी मारलं, एवढं खरं. कोणती जखम किती सेकंद, कोणत्या कोनातून, कोणत्या आवाजासकट दाखवायची हे लक्ष्मण उतेकर आणि त्यांच्या संकलकाने ठरवलं. मूल घरी घेऊन जातं ते हे दुसरं.

पोवाडा आणि कीर्तन ऐकत आपल्याकडे पिढ्या मोठ्या झाल्या, त्यांना हीच गोष्ट माहीत होती. फरक असा की ऐकणाऱ्याचं डोकं स्वतःला पेलेल तेवढंच चित्र काढतं. पाच वर्षांच्या मुलाला “हाल हाल केले” हे शब्द ऐकून जे दिसतं, ते त्याच्याच अनुभवाच्या मापाचं असतं. गुडघा फुटला होता तसं काहीतरी, पण जास्त. कॅमेरा असं माप घेत नाही.

इथे कुणीतरी म्हणेलच, आम्ही लहानपणी रामायण-महाभारतातल्या लढाया बघितल्या, काय झालं आम्हाला? काही झालं नाही असं आपल्याला वाटतं, पण विचारून बघितलं तर? १९९९ साली क्रिस्टन हॅरिसन आणि कँटर यांनी कॉलेजच्या १५३ विद्यार्थ्यांना विचारलं : लहानपणी एखादा सिनेमा किंवा कार्यक्रम बघून बराच काळ टिकलेली भीती आठवते का? ९० टक्के मुलांना आठवली. आणि साधारण चौघांत एकाला, नेमकं सांगायचं तर २६ टक्क्यांना, तिचा काहीतरी अंश अजूनही जाणवत होता. बघताना वय जितकं लहान, तितकी भीती लांबलेली. आठवणीवर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण ‘जॉज’ बघितल्यावर लोक वर्षानुवर्षं पाण्यात उतरायला कचरतात हे त्यात ठळक दिसतं.

एवढं टिकतं का? याचं उत्तर माझ्या गल्लीतलं आहे, म्हणून जरा थांबते. भीती वाटली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, हात गार पडतात. याच घडामोडीचा मेंदूला मिळणारा निरोप असा की “हे महत्त्वाचं आहे, पक्कं साठव.” १९९४ मध्ये लॅरी केहिल, जेम्स मॅकगॉ आणि सहकाऱ्यांनी याची सुरेख चाचणी केली. लोकांना चित्रांसकट एक गोष्ट सांगितली, तिच्या मधल्या भागात एका मुलाला भीषण अपघात होतो. आठवड्याने विचारलं तर तो भाग बाकीच्यापेक्षा जास्त लक्षात. पण ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम अडवणारं औषध, त्यांना तो भाग बाकी गोष्टीइतकाच आठवला. शांत भाग दोघांनाही सारखाच. तेव्हा तीन तासांच्या सिनेमातून मुलाने काय न्यावं असं तुम्हाला वाटतं? राजांचं शौर्य, संस्कृतवरचं प्रभुत्व, बुऱ्हाणपूरची मोहीम. आणि त्याचा मेंदू ठळक अक्षरात काय साठवणार? जिथे त्याचे हात गार पडले ते. हा मुलाचा दोष नाही, साठवणाऱ्या यंत्राची रचनाच तशी आहे.

सिनेमा चालू असताना थिएटरमध्ये रडणाऱ्या, रडत रडत घोषणा देणाऱ्या लहान मुलांचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. खुद्द विकी कौशलने त्यातला एक अभिमानाने शेअर केला होता. ते बघून माझाही गळा दाटला, नाही असं नाही. पण एक गोष्ट खटकली. दुःखाने रडणारं मूल आणि भेदरून रडणारं मूल कॅमेऱ्यात सारखंच दिसतं. फरक कळतो तो रात्री अकरा वाजता, दिवा बंद करायला गेल्यावर. त्या वेळचा व्हिडिओ कुणी काढत नाही. माझ्या बहिणीच्या ओळखीत एका मुलीने पुढचे कितीतरी दिवस नखं कापू दिली नाहीत. तिचे बाबा थिएटरबाहेर सगळ्यांना सांगत होते, आमची पोरगी बघा कशी ढसाढसा रडली, रक्तातच आहे.

“मुलं बघून तसंच करतात” या नेहमीच्या काळजीवर मी इथे फार वेळ घालवणार नाही. १९६१ साली स्टॅनफर्डला बांडुरा यांनी ७२ लहान मुलांवर केलेला बाहुलीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाने रबरी बाहुलीला झोडपलेलं बघितलं की मुलंही झोडपतात. पण बाहुली झोडपण्यातून खऱ्या आयुष्यातली हिंसा येते का, यावर अजून भांडणं चालू आहेत. ‘छावा’ बघून कुणी कुणाला साखळदंडात बांधत नाही. मला दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे राग कुठे जाऊन बसतो.

डॉल्फ झिलमन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की सिनेमाने चढलेली शारीरिक उत्तेजना सिनेमा संपल्यावर लगेच उतरत नाही, आणि त्या अवधीत जे काही समोर येतं त्याला ती चिकटते. मोठ्यांच्या बाबतीत हे काय रूप घेतं ते आपण पाहिलं. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगल झाली तेव्हा ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्धच्या भावना तीव्र झाल्याचा उल्लेख मुख्यमंत्र्यांनी विधानसभेतच केला. दंगलीची कारणं एका सिनेमात मावणारी नसतात, तो विषय वेगळा. मी बोलतेय ते तिसरीतल्या वर्गाबद्दल. आमचं सोलापूर म्हणजे एका बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार घरच्या भाषा. भाचा सिनेमा बघून आलेल्या मित्रांकडून ऐकून घरी येतो आणि विचारतो, “आपल्या वर्गातला अमुक तमुक औरंगजेबाच्या बाजूचा आहे का?” हा प्रश्न त्याला दुष्टपणातून पडलेला नसतो. त्या वयाचं डोकं जगाचे दोनच गट करतं आणि सिनेमाने त्याला एका गटाचा चेहरा, दाढी आणि पोशाख दिलेला असतो. उत्तर तयार नसेल तर तो स्वतःचं उत्तर तयार करेल.

माझं उत्तर मी औरंगजेबाच्या घरातूनच काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून १६८१ साली कुणाकडे आश्रयाला आला? संभाजीराजांकडे. राजांनी त्याला आसरा दिला. आठ वर्षांच्या मुलाला हे सांगितलं की त्याच्या कपाळावर आठी पडते, आणि ती आठी फार चांगली. दोन गटांची भिंत तिथे तडकते.

मग न्यायचं की नाही? मी बहिणीला सांगितलं, आत्ता नको. दहाच्या खाली शेवटचा भाग अजिबात नको, असं माझं मत आहे. दहा ते तेरा मुलाप्रमाणे, आणि तेही घरी, दिवसाउजेडी, हातात रिमोट ठेवून. त्यापुढे बघू द्यावा, पण बरोबर बसून आणि बोलत. “बोलत” हा शब्द महत्त्वाचा. एमी नॅथनसन यांनी १९९९ मध्ये दुसरी ते सहावीतल्या मुलांचा अभ्यास केला, त्यात पालकांनी नुसतं शेजारी बसून हिंसा बघण्याचा फायदा दिसला नाही, उलट मुलांची आक्रमक वृत्ती जास्त दिसली. आई-बाबा गप्प आहेत म्हणजे त्यांना हे मान्य आहे, असा मुलं अर्थ घेतात. जिथे पालक मध्येच “हे चूक आहे”, “असं का केलं असेल?” असं बोलत होते तिथे उलटं चित्र. थिएटरमध्ये बोलता येत नाही, हा मला थिएटरचा मोठा तोटा वाटतो.

आणि हो, “डोळे झाक” हा आपला राष्ट्रीय उपाय. विल्सन यांनी तोही तपासला. लहान मुलांना डोळे झाकायची मुभा दिली तर त्यांची भीती खरंच कमी होते, मोठ्या मुलांची मात्र वाढते. शिवाय डोळे झाकले तरी कान उघडे, आणि ‘छावा’च्या शेवटाला आवाजच अर्धी जखम करतो.

सिनेमा न दाखवणं म्हणजे गोष्ट न सांगणं नव्हे. खरं तर सिनेमा जिथे थांबतो तिथून पुढची गोष्ट आठ वर्षांच्या मुलाची आहे. रायगड पडला तेव्हा, १६८९ च्या अखेरीस, संभाजीराजांचा मुलगा शाहू सात वर्षांचा होता. आईबरोबर, येसूबाईंबरोबर, तो मुघलांच्या छावणीत कैदी झाला आणि १७०७ पर्यंत तिथेच वाढला. औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा हिने त्या मायलेकांना जपलं असं इतिहासकारांनी नोंदवलंय. सिनेमातली तिची मूर्ती बघून आलेल्यांना हे ऐकून जरा गोंधळायला होतं. लहान मुलाच्या मनात सगळ्यात खोल भीती असते ती रक्ताची नाही, बाबा नाहीसे होण्याची. शाहूच्या गोष्टीत तीच भीती आहे, आणि त्यातून बाहेर आलेलं मूलही आहे, पुढे छत्रपती झालेलं.

ही गोष्ट सांगायला आपल्याकडे जागासुद्धा आहेत. राजांना पकडल्याची खबर औरंगजेबाला मिळाली तेव्हा त्याची छावणी अकलूजला होती, आपल्याच जिल्ह्यात. आणि मंगळवेढ्याच्या वाटेवर माचणूरला भीमेकाठी त्याने बांधलेला किल्ला अजून आहे. शेजारच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ त्याचा तळ होता. बहीण एका रविवारी मुलाला घेऊन गेली. सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, घाटावर बसून कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाल्ली. तिने त्याला एवढंच सांगितलं की राजांना मारल्यावर सगळं संपेल असं बादशहाला वाटलं होतं, आणि त्यानंतर सहा वर्षांनी तो इथेच, या नदीकाठी, अजून लढतच बसला होता. शेवटी दिल्लीला परत न जाताच अहमदनगरला मेला. मुलाने विचारलं, “मग शाहू पण इथेच होता का?” छावणीबरोबर तोही फिरत होता, असं तिने सांगितलं. मग त्याला नदीत दगड टाकायचे होते.

ज्यांच्या मुलांनी आधीच बघितलाय त्यांच्यासाठी. “तू घाबरतोस? मावळा ना तू?” हे वाक्य तेवढं टाळा. त्याने भीती जात नाही, फक्त ती तुम्हाला सांगणं बंद होतं. सातच्या आतलं असेल तर जास्त समजावू नका. जवळ झोपवा, दिवा राहू द्या, चार-आठ दिवसांत बहुतेकदा उतरतं. आठवडे गेले आणि झोप, जेवण, शाळा यांवर परिणाम दिसत असेल तर मुलांच्या डॉक्टरांशी बोला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. थोरलं असेल तर सिनेमा कसा बनतो ते दाखवा. रंगवलेल्या जखमा, मेकअपचे तास, चित्रीकरणाचे पडद्यामागचे तुकडे मिळतात. काढून घेतलेलं “हे खोटं आहे” तेवढ्यापुरतं त्याला परत द्या.

आणि त्याने विचारलं, “पण खरंच डोळे काढले होते का?” तर खोटं बोलू नका. “हो, फार क्रूर वागले त्यांच्याशी. त्याला साडेतीनशे वर्षं होत आली. तू दाखवलंस ते सिनेमातले लोक मात्र सगळे घरी गेले, जेवले, झोपले.” बहिणीने हे तिच्या शब्दांत सांगितलं, कारण त्याने सिनेमा नाही तरी मित्राच्या मोबाइलवर तेवढाच तुकडा बघितला होता. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग विचारलं, “औरंगजेबपण जेवला?”